मिलिटरीची फ्रिक्वेन्सी ग्रुपवर टाकावी का?

अजिंक्यतारा_१४४:
साताऱ्याच्या हॅम (हौशी रेडिओवाल्यांच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकानं वॉटरफॉलचा (संगणकावर सिग्नल दाखवणाऱ्या चित्राचा) स्क्रीनशॉट टाकला: २२५ ते ४०० मेगाहर्ट्झमधला एएम सिग्नल, वेळ आणि यवतेश्वरच्या डोंगरावरून यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) कुठं रोखली होती ते. अ‍ॅडमिननं लगेच उडवला. उगाच! हा पट्टा लष्करी विमानांचा, हे जगाला माहीत आहे. स्वस्तातल्या डोंगलला (संगणकाला लावायच्या यूएसबी रिसीव्हरला) दिसतं ते शत्रूला दिसत नसेल होय? गुपित असतं ते कोडच्या चावीत. अमेरिकी लष्कराचा सिंकगार्स रेडिओ सेट ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये २३२० चॅनलांवर सेकंदाला शंभराच्या वर उड्या मारतो. हे आकडे छापून आलेत, तरी सेट वापरात आहेच.

मिरज_जंक्शन:
अण्णा, उड्या मारणाऱ्या सेटचा दाखला एकाच फ्रिक्वेन्सीवर राहणाऱ्या साध्या एएमला कसा लागू? शिवाय फ्रिक्वेन्सी एकटी नव्हती, वेळ आणि दिशाही होती. उद्या दंडोबाच्या डोंगरावरून दुसऱ्यानं दिशा दिली की नकाशावर रेघा छेदल्या, जागा सापडली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रेडिओ सिक्युरिटी सर्व्हिसनं हॅम लोकांकडूनच जर्मन हेरखात्याचे सिग्नल टिपून घेतले. टिपणाऱ्याला अक्षराचा अर्थ लागत नव्हता. पण वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन (स्टेशनचं सांकेतिक नाव) जुळवून कोण कोणाशी बोलतंय ते वर कळायचं. आणि आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) रेडिओ नियमावलीतलं कलम १७ बघा: आपल्यासाठी नसलेला संदेश परवानगीशिवाय ऐकून त्यातला मजकूर तर नाहीच, तो 'आहे' एवढंही सांगायचं नाही.

अजिंक्यतारा_१४४:
पाच एलिमेंटच्या (दांड्यांच्या) यागीची बीम, म्हणजे ती सिग्नल पकडते तो कोन, पन्नासेक अंश. शंभर किलोमीटरवर तो पट्टा नव्वद किलोमीटर रुंद होतो. कसल्या रेघा छेदताय?

कोयना_क्यूआरपी:
भांडा खुशाल, पण सिग्नल खरा होता का? डोंगलचा गेन (सिग्नल वाढवायचं माप) ४९.६ वर, म्हणजे कमालीवर, ठोकलेला दिसतोय. गावातलं एफएम स्टेशन तेवढ्यात डोंगलचं पुढचं टोक तुंबवतं आणि भुतं (खोटे सिग्नल) उठतात. अँटेना आणि डोंगलमध्ये १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) लावा. खरा सिग्नल १० डीबीच उतरेल. तिसऱ्या क्रमाचं इंटरमॉड (डोंगलमध्येच सिग्नल मिसळून उठलेलं भूत) असेल तर ३० च्या आसपास कोसळेल. मग ८८ ते १०८ अडवणारा फिल्टर लावून परत बघा. डोंगलमधल्या आर८२०टी२ ट्यूनरचा आयएफ (आतली मधली फ्रिक्वेन्सी) ३.५७ मेगाहर्ट्झ, म्हणजे ७.१४ मेगाहर्ट्झ पलीकडच्या सिग्नलची सावलीही पडू शकते. त्यात साध्या डोंगलचा क्रिस्टल ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) चुकला तर ३०० मेगाहर्ट्झवर १५ किलोहर्ट्झचा फरक. चॅनल २५ किलोहर्ट्झचा. कोणता चॅनल 'फोडला', देव जाणे.

अजिंक्यतारा_१४४:
हे मान्य. पण ४० मीटरच्या हॅम पट्ट्यावर, ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये, क्षितिजापलीकडचं रडार गुरगुरतं तेव्हा आपण त्याची फ्रिक्वेन्सी सांगतोच की. तेही लष्करीच. तिथं कलम १७ कुठं जातं?

मिरज_जंक्शन:
तो पट्टा जगभर हॅमचा, घुसलेत ते. ती तक्रार आहे अण्णा, आणि ती आयएआरयूच्या (हॅम संघटनांच्या जागतिक संघाच्या) मॉनिटरिंग सिस्टिमकडे जाते: यूटीसी वेळ, रुंदी, सेकंदाला किती स्वीप. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

अजिंक्यतारा_१४४:
मग वेळ-दिशा खोडून फोटो परत टाकायला काय हरकत?

कोयना_क्यूआरपी:
आधी अटेन्युएटर लावायला सांगा त्याला.