मदत हवी आहे: 'रिसर्च इंटरेस्ट'मध्ये लिहायचं तरी काय?

शाईपेन:
उद्या रात्रीपर्यंत द्यायचंय आणि दोन दिवस तीच ओळ खोडतेय. आपण कशावर संशोधन करतो ते शंभर शब्दांत बसवा म्हणतात. सध्या एवढंच झालंय: "शिक्षण, नाटक, भाषा, लिंगभाव व सामाजिक विषमता यांत रस." वाचून मलाच झोप येते. कुणी लिहिलं असेल तर पटकन सांगा. 'जुने धागे शोधा' म्हणू नका, शोधलेत.

तळटीप:
कशासाठी हवंय? नोकरीचा अर्ज, गाईडला पत्र की विभागाच्या पानावरचा परिचय? तिन्ही वेगळी लिहावी लागतात.

रिकामटेकडा:
जागा धरायला रुमाल टाकतो.

जुनाखोड:
आधी संशोधकांचा ऑर्किड (ORCID) ओळखक्रमांक काढा. १६ अंकी असतो, २०१२ पासून मिळतो, फुकट आहे. माझं सगळं तिथेच आहे.

तळटीप:
अहो, तो एकाच नावाच्या दोन संशोधकांचे लेख वेगळे ओळखू यावेत म्हणून असतो. ताईंना वाक्य सुचत नाहीये.

जुनाखोड:
तरी काढून ठेवा.

शाईपेन:
विभागाच्या पानासाठी. लिहिलं नव्हतं का मी?

तळटीप:
नव्हतं.

अर्धविराम:
पाच विषयांची नावं म्हणजे अनुक्रमणिका झाली. आवडीचा विषय नको, छळणारा प्रश्न लिहा. रोज नक्की काय करता तुम्ही?

शाईपेन:
शाळेच्या नाटकांच्या तालमींना बसते. बोलणारं पात्र कुणाला मिळतं आणि झाड कुणाला करतात, याच्या नोंदी ठेवते. घरी प्रमाण भाषा बोलणाऱ्यांना संवाद, बाकीच्यांना फांद्या. हे काय परिचयात लिहायचं?

अर्धविराम:
हेच लिहायचं!

वाचस्पती:
असं कसं? आधी सिद्धान्त हवा. हे सरळसरळ फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांचं 'सांस्कृतिक भांडवल' आहे. घरातून आलेली भाषा आणि वळण शाळा गुणवत्ता म्हणून मोजते. पहिल्या वाक्यात नाव घ्या, वजन येतं.

अर्धविराम:
पहिल्या वाक्यात बोर्द्यू आले की दुसरं कुणी वाचत नाही. तिसऱ्यात टाका. आणि पद्धत सांगा: क्षेत्रकार्य, सहभागी निरीक्षण, मुलाखती, जे काय करता ते. वाचणाऱ्याला त्यावरूनच कळतं की आपलं यांच्याशी जुळेल का.

पथनाट्यवाला:
ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल कसे नाही आठवले कुणाला? त्यांच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षकच उठून रंगमंचावर जातो आणि प्रसंग बदलतो. झाडालाच बोलू द्या!

शाईपेन:
मी नाटक बसवत नाही हो, बघते फक्त.

कप्पेकर:
मुळात क्षेत्र ठरवा. युनेस्कोच्या २०१३च्या अभ्यासक्षेत्रांच्या वर्गीकरणात शिक्षण ०१, कला व मानव्यविद्या ०२, सामाजिक शास्त्रं ०३. तुम्ही तिन्हींत पाय ठेवलाय.

तळटीप:
त्याच यादीत इतिहास ०२मध्ये आणि अर्थशास्त्र ०३मध्ये. मग आर्थिक इतिहास करणाऱ्याने कुठे बसायचं? ते कप्पे आकडेवारीसाठी आहेत, माणसांसाठी नाहीत.

कप्पेकर:
कप्पे नकोत तर ग्रंथालयात पुस्तक कसं सापडतं तुम्हाला?

वाचस्पती:
अवांतर: 'रिसर्च इंटरेस्ट'ला मराठीत काय म्हणावं? 'संशोधनरुची' हा शब्द लोणच्याच्या बरणीवर शोभेल. 'अभ्यासविषय' बरा.

शाईपेन:
हे कसंय बघा: "शाळेच्या नाटकात कोण बोलतं आणि कोण गप्प उभं राहतं, आणि ते कोण ठरवतं, याचा मी अभ्यास करते. तालमींच्या नोंदी आणि मुलांशी गप्पा हे माझं साधन. घरची भाषा आणि मुलगा-मुलगी हा भेद पात्रवाटपात कसा उतरतो, ते सध्या तपासते आहे." बोर्द्यू चौथ्या वाक्यात टाकते.

अर्धविराम:
'गप्पा'ऐवजी 'मुलाखती' करा, नाहीतर विभागप्रमुख अडवतील. बाकी पाठवून द्या.

जुनाखोड:
ऑर्किड काढलात का?

रिकामटेकडा:
रुमाल उचलतो. मी चौथीत झाड होतो. पाचवीत बढती मिळाली, दगड.