मदत हवी आहे: ज्वारीच्या माल्टची पिशवीत खळ होतेय, गोडी उतरत नाही

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, उभा जन्म टॉवेलच्या कारखान्यात गेला. आता वेळच वेळ आहे, म्हणून हा उद्योग.

भाचा मेलबर्नला असतो. तिकडे गेलो होतो तेव्हा त्यानं गॅरेजमध्ये बिअर करून दाखवली. ब्रू इन अ बॅग म्हणतात त्या पद्धतीला, ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनीच ती रूढ केली म्हणे. एकच मोठं पातेलं, त्यात सगळं पाणी, पाण्यात कापडी पिशवी आणि पिशवीत बार्लीच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, भरडा. ६५-६६ अंशांवर तासभर मुरू द्यायचं आणि पिशवी वर काढून निथळत टांगायची. आपण चक्का टांगतो तसंच. धान्य पिशवीत, गोड पाणी पातेल्यात. तळाला जाळी असलेली वेगळी टाकी नको की काही नको.

आता आधीच सांगतो, मला इथं बिअर करायची नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर काढता येत नाही, आणि या वयात उत्पादन शुल्कवाले दारात नकोत. त्यामुळे यीस्ट घालण्याच्या अलीकडेच थांबायचं. ते गोड पाणी आटवून नातवंडांना दुधात घालायला पाक करायचा, एवढाच बेत. आणि बार्ली कशाला, घरात मालदांडी आहे की.

केलं ते असं. १ किलो ज्वारी रात्रभर भिजवली, गोणपाटात बांधून तीन दिवस मोड आणले, गच्चीवरच्या पत्र्यावर वाळवली. गिरणीतून दळून आणली. पिशवी कारखान्यातल्या टॉवेलच्या सेकंड पीसची शिवली. ५ लिटर पाणी ६६ अंशांवर आणून पिशवी सोडली, गॅस बंद केला, पातेल्याला दोन सोलापुरी चादरी गुंडाळल्या. तासाभरानं ६३ भरलं, म्हणजे चादरींनी त्यांचं काम चोख केलं. बाकी सगळी बोंब. पिशवी उचलली तर निथळेचना, आत नुसती खळ. सुताला लावतात तसली. पाणी दुधासारखं गढूळ, गोडी नावाला. भाच्यानं फोनवर सांगितलं म्हणून बशीत चमचाभर पाणी गार करून आयोडिनचा थेंब टाकला, तर शाईसारखं निळंकाळं झालं. म्हणजे स्टार्च तसाच आहे. भाचा म्हणतो, ज्वारीचं मला काही माहीत नाही मामा.

कुठं चुकतंय?

प्रतिसाद
काका, मालदांडीची भाकरी करा, शेंगाचटणी घ्या आणि गप पडा की.

प्रतिसाद
दादा, अन्नप्रक्रिया शिकवते म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पिशवीपासून सुरू करू. टॉवेलच्या धाग्यांच्या फाशांत गाळ अडकतो. पडद्याची बारीक पॉलिस्टर जाळी किंवा व्हॉइल घ्या. दळणही भाकरीचं आणलेलं दिसतंय. बार्लीला साल असते, तिच्यामुळे गाळ मोकळा राहतो. ज्वारीला तशी साल नाही, त्यामुळे पीठ झालं की खळ ठरलेलीच. रव्याएवढा भरडा काढून आणा.

पत्र्यावर वाळवलंत तेही मला खटकलं. सोलापूरच्या उन्हात पत्रा भाजतो, आणि ओले मोड ५० अंशांच्या वर तापले की ज्यांच्या जोरावर स्टार्चची साखर व्हायची ती एन्झाइम्सच मरतात. सावलीत वाऱ्यावर सुकवून शेवटी कोवळं ऊन द्या.

पण खरी मेख तापमानात आहे. बार्लीचा स्टार्च ६५ च्या आसपास फुगून मऊ होतो, त्या तापमानाला एन्झाइम्स जागी असतात, म्हणून तुमच्या भाच्याचं काम एका दमात होतं. ज्वारीचा स्टार्च साधारण ६८ ते ७८ अंशांत फुगतो. तेवढं तापवलं तर एन्झाइम्स जातात, नाही तापवलं तर स्टार्च कच्चा राहतो. शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा अमायलेज, म्हणजे स्टार्चची साखर करणारं एक एन्झाइम, मुळात कमी. तुमच्या पातेल्यात हेच झालं.

यावरचा उपाय आफ्रिकेतल्या ज्वारीवाल्यांचा आहे आणि तुमच्या पिशवीला तो छान जमेल. भरडा आधी ४५ अंशांच्या निम्म्या पाण्यात अर्धा तास ठेवा. एन्झाइम्स पाण्यात उतरतात. पिशवी पिळून ते पाणी बाजूला ठेवा, त्याला आच लावू नका. मग पिशवी दुसऱ्या पातेल्यात उरलेल्या पाण्यात वीसेक मिनिटं चांगली उकळा. तळाशी ताटली उपडी घाला, नाहीतर कापड करपेल. ७० पर्यंत निवलं की बाजूचं पाणी थोडं थोडं त्यात ओता, ६५ च्या खाली गेलं तर मंद आचेवर तेवढं आणा आणि मग खुशाल चादरी गुंडाळा. दीड तास द्या.

आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका. कोवळी ज्वारी चरून गुरं दगावतात ना? ज्यामुळे आत सायनाइड तयार होतं तोच पदार्थ ज्वारीच्या मोडांत असतो. वाळल्यावर गोणपाटात चोळून मोड आणि मुळं झाडून काढा, सुपात पाखडा, मगच दळायला न्या. लहान मुलांना द्यायचंय म्हणून मुद्दाम सांगतेय.

धागाकर्ता
ताई, मोडांचं माहीतच नव्हतं. आधीचा सगळा माल टाकून दिला, शेजारच्यांच्या शेळ्यांनाही घातला नाही.

नव्यानं केलं. चोळून पाखडल्यावर सूपभर तपकिरी काड्या निघाल्या. गिरणीवाल्यानं 'भरडा कशाला, कोंबड्या पाळल्या काय?' विचारलं. उकळताना पिशवी फुगून उशीएवढी झाली, वाटलं पुन्हा खळ. पण बाजूचं पाणी ओतून ढवळलं आणि दहा-पंधरा मिनिटांत ते घट्ट प्रकरण डोळ्यांदेखत पातळ झालं. दीड तासानं आयोडिनचा थेंब टाकला तर पिवळसर तपकिरीच राहिला. पिशवी टांगली, झरझर निथळली. साडेतीन लिटर पाणी मिळालं, आटवून अर्ध्या लिटरच्या आत काकवीसारखा पाक उरला. बायको म्हणाली वास भाजक्या हुरड्याचा येतोय.

फजिती एकच. पिळताना पिशवीची शिवण उसवली. टॉवेलवाल्याची शिवण! आता दुहेरी मारून आणतो.

शेवटचा प्रश्न ताई, हा पाक फ्रीजमध्ये ठेवायचा की काकवीसारखा बाहेर चालेल? बाहेर ठेवून आपोआप आंबला तर भाच्याची बिअर व्हायची.