मदत हवी आहे: विज्ञानमालिकेचा शेवट अडलाय (१० पैकी ७ भाग तयार)

पातळीपट्टी:
नमस्कार मंडळी. सांगलीतल्या हौशी नाट्यसंस्थेसाठी दहा भागांची श्राव्यमालिका लिहितो आहे, प्रत्येक भाग २० मिनिटांचा. सात भाग लिहून झालेत, रेकॉर्डिंग अजून व्हायचंय.

कथा अशी: आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी नोंदवणारी मुलगी. फेब्रुवारी महिना, कृष्णा तळाला गेलेली. तरी पहाटे वायरलेसवर एक म्हातारा आवाज फूट मोजत राहतो: बेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. पंचेचाळीस म्हणजे धोक्याची पातळी. आवाज येत्या ऑगस्टमधला आहे, हे चौथ्या भागात कळतं. सातव्या भागाअखेर अकरा कोडी उघडी आहेत. शेवटाचे दोन मसुदे केले. एकात शास्त्रज्ञ सगळं समजावून सांगतो, ते व्याख्यान झालंय. दुसऱ्यात दैवी संकेत निघतो, ती पळवाट वाटते.

किती कोडी सोडवायची? आणि कोणत्या मालिकांचे शेवट अभ्यासावेत?

हरिपूरकर:
(पुढे रसभंग आहे.)
'लॉस्ट' या अमेरिकी टीव्ही मालिकेपासून सुरुवात करा, पण दोष शेवटच्या भागात शोधू नका. मालिका किती वर्षं चालणार हे ठाऊक नसलं की लेखकाला उत्तर देताच येत नाही, कारण उत्तर दिलं की गोष्ट संपते. मग एक कोडं झाकायला दुसरं काढायचं. मे २००७मध्ये वाहिनीने आणखी ४८ भाग आणि २०१०चा शेवट जाहीर केला, तेव्हा गोष्टीला वेग आला. पण सहाव्या सीझनमध्ये समांतर आयुष्यांचं नवं कोडं उघडलं आणि शेवटच्या भागाचा मोठा वाटा तेच फेडण्यात गेला. जुनी उधारी तशीच राहिली.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अंतराळमालिकेत सुरुवातीलाच पाटी यायची की सायलॉनांकडे, म्हणजे माणसांवर उलटलेल्या यंत्रमानवांकडे, योजना आहे. लेखकांकडे ती नव्हती. शेवटी ली हा नायक बोलता बोलता वळून पाहतो तर मागे नुसतं गवत, मेल्यावर गूढपणे परतलेली वैमानिक स्टारबक गायब. ती कोण होती, याचा हिशेब लागतच नाही. तुमचा दुसरा मसुदा याच वाटेने चाललाय.

मार्केट यार्डात ठेवतात तशी खतावणी घाला. प्रत्येक कोड्याला एक ओळ: कोणत्या भागात उघडलं, त्यामुळे कोणाचं काय अडलंय, कुठे फेडणार. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ते कोडं नुसती सजावट आहे, कापून टाका. आठव्या भागापासून नवी उधारी बंद.

संथवाहिनी:
हरिपूरकरांशी सहमत, पण नुसतं आधी ठरवूनही भागत नाही. 'बॅबिलॉन ५' ही अंतराळमालिका पाच वर्षांच्या आराखड्यावर बांधलेली होती. ११० पैकी ९२ भाग तिचे निर्माते स्ट्राझिन्स्की यांनी एकट्याने लिहिले. मुख्य पात्रांना चोरदरवाजे, म्हणजे नट सोडून गेला तर पात्राला गोष्टीबाहेर काढायच्या वाटा, ठेवलेले होते, त्यामुळे पहिल्या सीझननंतर नायक बदलला तरी गोष्ट कोसळली नाही. मग पाचवा सीझन मिळेल की नाही, अशी धास्ती पडली. सगळं चौथ्यात कोंबलं, शेवटचा भागही तेव्हाच चित्रित करून ठेवला. पाचवा मिळाला, तो सैल पडला. इव्हानोव्हा हे मुख्य पात्र पाचव्या सीझनभर नाही, पण १९९८च्या त्या शेवटच्या भागात आहे! तरीही तो भाग पोटात कालवतो, कारण तो कोडं फोडत नाही, निरोप देतो.

तुमचे भाग दहाच, हे मोठं भाग्य आहे. दहावा आधी लिहा.

हरिपूरकर:
कालचक्राच्या गोष्टींत आणखी एक अडचण असते. सगळं आधीच घडून गेलेलं असेल तर पात्राच्या हातात काय उरतं? 'डार्क' ही जर्मन मालिका २६ भागांत हेच घट्ट विणते आणि शेवटी दोघा मुख्य पात्रांना स्वतःचं अस्तित्व देऊन सुटका विकत घ्यावी लागते. गणित पटो न पटो, किंमत पटते.

तुमच्याकडेही किंमत तयार आहे. तो म्हातारा फेब्रुवारीत सांगलीतच कुठेतरी राहत असणार ना? आठव्या भागात तिने त्याला गाठावं. पाणी बदलू नका, माणसं हलवा. त्याला घाटावरच्या घरातून आधीच हलवलं तर तो वायरलेसपाशी बसणारच नाही. तो वाचेल, पण इतके दिवस रोज पहाटे बोलणारा माणूस तिला ओळखणार नाही.

संदेशच गेला नाही तर तिला कळलं कसं, हे एक कोडं उघडं राहू द्या; मात्र ते एखाद्या पात्राने मोठ्याने विचारायला हवं. यंत्र कसं चालतं हे राहिलं तर श्रोता चालवून घेतो. माणसाचं काय झालं हे राहिलं तर तो रागावतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

स्पष्टीकरण दीड मिनिटापेक्षा लांबवू नका, आणि तेही सामान हलवताना, भांड्यांच्या आवाजात, तुटक येऊ द्या.

पातळीपट्टी:
खतावणी घातली. अकरापैकी पाच कोडी एकाच घटनेची निघाली, दोन सजावटीची कापली. उरली पाच. शास्त्रज्ञही कापला. शेवटी आकडा ऐकवावा की नुसता पाण्याचा आवाज?

संथवाहिनी:
आकडा ऐकवा. सात भाग 'पंचेचाळीस' खरखरीतून आलंय. आता तिच्या तोंडून, पुलावरून, अगदी स्वच्छ येऊ द्या. मग तिने पलीकडून 'नोंद केली' ऐकू यायची वाट पाहावी. तीन-चार सेकंद, मागे नुसती नदी.