नेपाळ की भूतान? डोंगर, नदी, सायकल... जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

दिवाळीनंतर आम्ही चौघी मैत्रिणी हिमालयात जायचं म्हणतोय आणि गाडी अडलीये ती नेपाळ की भूतान यावर. दोन्हीकडे आपल्याला व्हिसा लागत नाही, दोघांमध्ये जेमतेम सिक्कीम आणि उत्तर बंगालचा पट्टा, तरी माहिती काढायला बसलं की दोन वेगळ्याच जगांबद्दल वाचतोय असं वाटतं. सगळ्या सह्याद्रीत नियमित चालणाऱ्या आहोत, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, रतनगड-कात्राबाई झालंय, पण 3000 मीटरच्या वर कुणीच गेलेलं नाही. बघायच्या ठिकाणांची यादी नको, ती कुठेही मिळते. प्रत्यक्ष चालताना काय झालं, पैसे नेमके कुठे गेले, कुणाला काय झेपेल, ते लिहा. ट्रेक सोडून राफ्टिंग, सायकल काही केलं असेल तर तेही हवंय.

कळसूबाईकर

नेपाळ, डोळे झाकून. कारण एकच, तिथे तंबू, स्वयंपाकी, घोडे काही न जमवता पाठीवर एक सॅक टाकून माणूस पार 4000 मीटरपर्यंत जाऊ शकतो. मी अन्नपूर्णा बेस कॅम्प (4130 मीटर) केला. पोखऱ्याहून जीपने झिनूच्या अलीकडे उतरायचं, तिथला तो लांबलचक झुलता पूल ओलांडायचा आणि मग छोमरोंगच्या पायऱ्या सुरू. ताई, या पायऱ्यांबद्दल आधीच सांगतो, छोमरोंग गाव गाठायला चढ, मग गावातून खाली नदीपर्यंत सगळ्या दगडी पायऱ्या उतरायच्या आणि समोर सिनुव्याला तेवढंच परत चढायचं, आणि येताना हेच सगळं उलट. गुडघ्यांची परीक्षा उंचीपेक्षा इथे जास्त होते. नळीची वाट केलेल्यांना जड नाही जाणार, पण काठ्या दोन घ्या, एक नको.

सिनुव्याच्या पुढे बांबू, दोभान, देउराली असं करत दरी अरुंद होत जाते आणि माच्छापुच्छ्रे बेस कॅम्पच्या पुढे एकदम उघडते. चारी बाजूंनी बर्फाच्या भिंती, मागे माच्छापुच्छ्रे (6993 मीटर, त्यावर चढायला परवानगीच नाही, तिथले लोक पवित्र मानतात), समोर अन्नपूर्णा एकचा दक्षिणेचा कडा. पहाटे आधी सगळ्यात वरचं टोक पेटतं, मग ऊन हळूहळू खाली उतरतं, आम्ही बोटं बधिर होईस्तोवर उभे होतो.

खाणं: डाळभात. भात, डाळ, भाजी परत परत वाढतात, किंमत एकदाच. पिझ्झा-पास्ता पण मिळतो, पण त्या उंचीवर डाळभातच खावा, ताजा असतो आणि पोटाला सोसतो. खोली स्वस्त मिळते, कारण जेवण तुम्ही तिथेच घ्याल असं गृहीत असतं. त्यामुळे खोलीवरून घासाघीस करून बाहेर जेवायला जाऊ नका, त्यांचं पोट त्या जेवणावर चालतं. गरम पाणी, चार्जिंग, वायफाय जसजसं वर जाल तसतसं महाग.

परमिट: अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं शुल्क आपल्याला सार्क म्हणून 1000 नेपाळी रुपये, इतर परदेशी लोकांना 3000. आपले 100 म्हणजे त्यांचे 160. मार्च-एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी देउरालीच्या आसपास हिमस्खलनाचं विचारूनच पुढे जावं, त्या भागात माणसं गेलेली आहेत. नोव्हेंबरला तो धोका बराच कमी.

शुभ्रमेघ

मी भूतानच्या बाजूने लिहिणार, कारण दोन्ही केलंय आणि परत कुठे जाशील विचारलं तर उत्तर भूतान आहे. ड्रुक पाथ नावाचा ट्रेक आहे, पारोहून थिंफूला डोंगरातून जातो, पाच-सहा दिवसांचा, सगळ्यात उंच खिंड 4200 मीटरच्या आसपास. वाटेत टी हाऊस (नेपाळमध्ये वाटेवर असतात ती राहण्या-जेवणाची साधी लॉजेस) वगैरे काही नाही. गाइड, स्वयंपाकी, घोडेवाला आणि तंबू सगळं बरोबर. नेपाळच्या वाटेवर सीझनला जी रांग लागते ती इथे नाही, आम्हाला जिमिलांग त्शो तलावापाशी दुसरा एकही ग्रुप भेटला नाही. सकाळी तंबूच्या कापडावर आतून बर्फ धरलेला, बाहेर घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा, आणि आमचे स्वयंपाकीदादा तशा गारठ्यात लाल तांदळाचा भात आणि केवा दात्शी (बटाटा-चीज) करून देत होते. शाकाहारी असाल तर भूतानमध्ये अडत नाही, फक्त मिरची तिथे भाजी म्हणून खातात हे लक्षात ठेवा, एमा दात्शी (मिरची-चीज) मागवताना कमी तिखट सांगा.

शेवटच्या दिवशी फाजोडिंग मठावरून खाली अख्खं थिंफू दिसतं आणि तिथून उताराने शहरात.

आता खर्चाचं. सप्टेंबर 2022 पासून भारतीयांना माणशी दर रात्री 1200 रुपये शुल्क आहे. म्हणजे तुम्ही चौघी सात रात्री राहिलात तर 33,600 फक्त शुल्काचे, त्यावर हॉटेल, गाडी, गाइड, ट्रेकचा सगळा लवाजमा. बरेच लोक इथेच मागे फिरतात. मला ते पैसे पटले. जंगल राखलेलं दिसतं, देशाच्या घटनेतच लिहिलंय की किमान 60 टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील. आपल्याकडे शनिवार-रविवारी किल्ल्यांवर जी गर्दी आणि कचरा बघतो त्यानंतर तिथे चालताना मला आतून बरं वाटलं, आणि असं राखायला पैसे लागतात हे मी मनापासून मानते.

दरीखोरी

कुणाला शिखर करायचं असेल तर मात्र भूतानचा प्रश्नच नाही. तिथे 1994 पासून 6000 मीटरच्या वरच्या शिखरांवर आणि 2003 पासून गिर्यारोहणावर पूर्णच बंदी आहे. गांगखार पुएनसुम (7570 मीटर) त्यामुळे अजून कुणीच चढलेलं नाही. नेपाळमध्ये मेरा, आयलंड असे ट्रेकिंग पीक (ट्रेकर्सना करता येण्यासारखी शिखरं) परमिट काढून करता येतात. आपल्या पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची मोठी एव्हरेस्ट मोहीम 2012 ची, तीही नेपाळच्या बाजूनेच.

मी एव्हरेस्ट बेस कॅम्प केला. सीझनला लुक्लाची (चालायला सुरुवात होते ते गाव) विमानं बहुतेक काठमांडूहून न सुटता रामेछापच्या मंथलीहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री काठमांडू सोडून चार-पाच तास गाडी आणि मग विमान, आणि हवा बिघडली की तेही रद्द, म्हणून हातात दोन दिवस जास्तीचे ठेवाच. आमच्यातल्या एकाला लोबुचेला (4940) रात्री डोकं ठणकायला लागलं, उलट्या. गाइडने वाद न घालता पहाटेच त्याला फेरिचेला उतरवलं, तिथे सीझनमध्ये डॉक्टर असतात, आणि खाली आल्यावर दुपारपर्यंत तो जेवायला लागला. उंचीचा त्रास फिटनेस बघून येत नाही, आमच्यात सगळ्यात जास्त पळणारा तोच होता. नामचे आणि डिंगबोचेला एकेक दिवस जास्तीचा थांबा, तो कापून सुट्टी वाचवू नका. आणि विम्यात किती मीटरपर्यंत हेलिकॉप्टरचा खर्च येतो ते कागदावर वाचून घ्या, एजंट तोंडी काहीही सांगतो.

ओली वल्ही

नदीसाठी नेपाळ. त्रिशुली काठमांडू-पोखरा रस्त्यालाच आहे, जाता जाता एक दिवस करता येते, नवशिक्यांना पुरे. जास्त अंगावर यायला हवी असेल तर भोटे कोशी, आणि नदीकाठी वाळूत मुक्काम करत मोठा प्रवास करायचा तर सुन कोशी. भूतानमध्ये पुनाखाला मो छू आणि फो छू आहेत, मो छू शांत, फो छू जरा उसळती, शेवटी पुनाखा झाँगच्या (किल्ल्यासारखा मठ) भिंतीखालून राफ्ट जाते. सुंदर आहे पण अर्ध्या दिवसात संपतं.

दोन चाकं, एक घंटी

भूतान सायकलसाठी जबरदस्त, रस्त्यावर गाड्या कमी आणि लोक वाट देतात. बुमथांग ते थिंफू एका दिवसात 268 किलोमीटरची शर्यत होते तिथे, टूर ऑफ द ड्रॅगन, त्यात चार खिंडी. मी शर्यत नाही केली, पारो ते चेले ला (3988 मीटर) चढवली आणि पलीकडे 'हा' नावाच्या खोऱ्यात उतरलो. वर वारा इतका की प्रार्थनेच्या झेंड्यांचा फडफडाट हेल्मेटमधून ऐकू येत होता. उतारावर बोटं गारठून ब्रेक दाबता येईनात म्हणून थांबत थांबत आलो, पूर्ण बोटांचे ग्लव्ह्ज हवेतच.

न्यू जर्सीची मावशी

आमच्यासारख्यांसाठी लिहिते. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी भूतानला तुम्ही परदेशीच, व्हिसा आणि रात्रीचे 100 डॉलर (सप्टेंबर 2023 च्या आधी 200 होते). माझ्या पुण्याच्या भावाला 1200 रुपये आणि मला 100 डॉलर, एकाच खोलीत. नेपाळला विमानतळावर 15 दिवसांचा व्हिसा 30 डॉलरला मिळतो. आम्ही पाच जण मिळून नेपाळ ठरवलं ते निव्वळ या हिशोबाने, घोरेपानी-पून हिल केलं, मी साठीची आहे, हळूहळू चाललं तर झेपतं. उल्लेरीच्या पायऱ्या सोडल्या तर. फुललेले गुराँस (ऱ्होडोडेंड्रॉन) बघायचे तर मार्च-एप्रिलमध्येच जा.

कळसूबाईकर

एक राहिलं, विमानाने नेपाळला जाताना आधार किंवा लायसन्स चालत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र. भूतानलाही हे दोनच. आणि 2023 पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्सना गाइड सक्तीचा केलाय, खुंबूत (एव्हरेस्टच्या भागात) तेवढं वेगळं चालतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. शुभ्रमेघताई, ड्रुक पाथचं वाचून एकीचं मन पार तिकडे गेलंय, पण चौघींचं बजेट धरता नोव्हेंबरला अन्नपूर्णा नक्की केलं. भूतानसाठी आत्तापासून वेगळे पैसे टाकायला सुरुवात करणार आहोत. एकच विचारायचंय, स्लीपिंग बॅग पोखऱ्यात भाड्याने बऱ्या मिळतात का, की इथूनच न्यायच्या?

कळसूबाईकर

मिळतात, लेकसाइडला भरपूर दुकानं आहेत. दुकानातच पूर्ण उघडून आत शिरून बघा, चेन वरपर्यंत लागते का ते तपासा आणि आतून लावायला सुती लायनर घरून न्या. टी हाऊसमध्ये रजया देतात, पण सीझनला वरच्या मुक्कामी पुरतीलच असं नाही.