तोंडी सांगितलेले बदल, जादा बिल आणि कंत्राटदाराशी संबंध

प्रश्न

नमस्कार. एका तीन मजली इमारतीच्या कामावर मी मालकाच्या बाजूने प्रकल्प अभियंता आहे. दुसऱ्या स्लॅबची सळई बांधून झाल्यावर, काँक्रीटच्या आदल्या दिवशी, आर्किटेक्टने प्लंबिंगचा कट-आउट (पाइपांसाठी स्लॅबमध्ये ठेवायची मोकळी जागा) 600 मिमी सरकवायला सांगितला. कंत्राटदाराने त्याच संध्याकाळी सेंटरिंगच्या (काँक्रीटखालच्या तात्पुरत्या साच्याच्या) प्लेटा उघडल्या, सळई सोडून पुन्हा बांधून घेतली आणि काँक्रीट दोन दिवस उशिरा पडले. कोणीच काही लिहून ठेवले नाही. असे आणखी सात-आठ बदल झाले. आता त्याने सगळ्यांचे मिळून एकच जादा बिल दिले आहे आणि पंधरा दिवसांची मुदतवाढ मागितली आहे. मालक म्हणतात, "लेखी आदेश नाही, तर पैसे नाहीत." माणूस कामाला चोख आहे आणि निम्मे काम अजून बाकी आहे. हा तिढा कसा सोडवावा?

उत्तर १

मालकांचे म्हणणे मान्य करण्याआधी करारातील कलम वाचा. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 1999 च्या रेड बुकमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारात, अभियंत्याने तोंडी सूचना दिली, कंत्राटदाराने कामकाजाच्या दोन दिवसांत ती लेखी कळवली आणि त्यापुढील दोन दिवसांत अभियंत्याने लेखी उत्तर दिले नाही, तर कंत्राटदाराचे ते पत्रच लेखी सूचना ठरते. आपला करार वेगळा असू शकेल, पण आर्किटेक्टला अशी सूचना देण्याचा अधिकार होता की नाही, हे त्यातूनच कळेल.

त्यानंतर एकत्रित बिल बाजूला ठेवून प्रत्येक बदल सुटा करा. सूचना कोणाची, खर्च किती आणि दिवस किती, हे तीन प्रश्न वेगवेगळे सोडवावेत. ते एकत्र आले की चर्चा भांडणावर जाते. साइट डायरी, हजेरीपट, नकाशांच्या सुधारित प्रती आणि मोबाइलमधील तारखेसह फोटो दोघांनी समोरासमोर बसून तपासले, तर बरेच काही सापडते. कट-आउटमध्ये साहित्य फारसे वाढलेले नाही. खरा खर्च उकलण्याच्या आणि पुन्हा बांधण्याच्या मजुरीचा आहे. करारातील सळईच्या दरात बांधणी एकदाच धरलेली असते, म्हणून तो दर इथे पुरत नाही आणि दरविश्लेषण (मजुरी आणि साहित्य मांडून दर काढणे) वेगळे करावे लागेल. ज्या बदलाने काम कमी झाले असेल, त्याची वजावटही तितक्याच काटेकोरपणे धरा.

मुदतीचेही तसेच आहे. स्लॅब अडला की पुढचे सगळे अडते, त्यामुळे ते दोन दिवस न्याय्य वाटतात. पण भिंतीतला स्विचबोर्ड हलवल्याने इमारतीची पूर्णता लांबत नाही. पंधरा दिवसांची बेरीज या कसोटीवर तपासा.

उत्तर २

मी कंत्राटदाराच्या बाजूने लिहितो. बदलांची बिले साठवून शेवटी एकदम द्यायची, ही आमची मोठी चूक असते. वर उल्लेखलेल्या फिडिक करारातच दाव्याची सूचना 28 दिवसांत दिली नाही, तर जादा पैशांचा आणि मुदतीचा हक्क जातो, हे आमच्यापैकी अनेकांना उशिरा कळते.

मालकांना मात्र एक विनंती आहे. आठपैकी पाच बाबी मान्य असतील, तर त्यांचे पैसे येत्या चालू बिलातच (काम सुरू असताना वेळोवेळी होणाऱ्या बिलात) द्या. सेंटरिंगच्या टोळीला आम्ही आठवड्याला पैसे देतो. तीन वादग्रस्त बाबींसाठी सगळे अडवले, की पुढच्या वेळी संध्याकाळी प्लेटा उघडायला कोणी तयार होत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. एकत्र बसायला कंत्राटदार तयार आहे. पण घाईच्या बदलात दर ठरेपर्यंत काम थांबवता येत नाही. तिथे काय करावे?

उत्तर १

दरासाठी थांबू नका, नोंदीसाठी मात्र थांबा. पानभर मजकूर पुरतो: तारीख, सूचना देणाऱ्याचे नाव, नकाशाचा क्रमांक, उकलण्यापूर्वीचा फोटो, दिवसांचा अंदाज आणि "दर नंतर ठरेल" हे स्पष्ट वाक्य. मग काम चालू असेपर्यंत रोज संध्याकाळी मजूर आणि साहित्य यांची नोंद करून दोघांनी सह्या कराव्यात. त्या सह्या दराला संमती नसून वस्तुस्थितीला असतात, हे मालकांना आधीच समजावून सांगा, म्हणजे ते सही करायला कचरणार नाहीत.

आर्किटेक्टने थेट मिस्त्रीला काही सांगायचे नाही, सूचना आपल्यामार्फतच जाईल, हेही लेखी कळवा. पुढच्या स्लॅबचे सेंटरिंग सुरू होण्यापूर्वीच प्लंबिंग आणि विजेचे नकाशे स्ट्रक्चरल नकाशावर ठेवून सर्वांसमक्ष ताडून घ्या. कट-आउटची जागा तेव्हा कागदावरच बदलता येते.