ऊदचा परफ्यूम दोन तासांत गायब, डुप्लिकेट आहे का? परत करायची मुदत उद्यापर्यंत, मदत हवी

कृष्णाकाठ (सांगली)
मंडळी, जरा लवकर सांगा. ऑनलाइन ऊदचा परफ्यूम मागवला, चांगल्या मोठ्या कंपनीचा. सकाळी नऊला मारतो, अकराला काही म्हणजे काही उरत नाही. मामांनी मिरजेहून आणलेलं ऊदचं अत्तर मात्र दुसऱ्या दिवशीसुद्धा शर्टाला असतं. मग विकणाऱ्याने मला डुप्लिकेट माल दिलाय का? उद्या रात्री १२ ला परतीची मुदत संपते. पुढच्या आठवड्यात भावाचं लग्न आहे, त्याच्यासाठीच घेतलाय.

गंधवेडा
ओ द टॉयलेट (हलका) की ओ द पर्फ्यूम (जास्त दाट)? अंगावर मारता की कपड्यावर? खोक्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीच्या बुडाचा नंबर जुळतो का? एवढं कळल्याशिवाय खरा-खोटा कोण सांगणार?

पेठेतला
ऊद ऑनलाइन कशाला मागवायचा? गणपती पेठेत पूजेच्या कुठल्याही दुकानात मिळतो. दोन खडे निखाऱ्यावर टाका, संध्याकाळपर्यंत घरात वास राहतो. आमची आजी बाळंतिणीच्या खोलीत रोज घालायची.

गंधवेडा
पेठेतला, तो ऊद वेगळा. आपण देवापुढे घालतो तो बहुतेक वेळा लोबानासारखा डिंक असतो. परफ्यूमवाला ऊद म्हणजे अगर. अरबीत ऊद म्हणजे लाकूड. ज्याच्या नावाने अगरबत्ती म्हणतो तेच हे झाड. निरोगी असलं की लाकूड पांढुरकं, त्याला सांगण्यासारखा वासही नसतो. किड्याने पोखरलं, बुरशी शिरली की झाड स्वतःला वाचवायला काळी राळ धरतं. सगळी किंमत त्या राळेची.

साताऱ्याची सून
हे अगदी खरं आहे. मिस्टर सैन्यात, त्यांच्या पोस्टिंगमुळे आम्ही तीन वर्षं आसामात होतो. तिकडे लोकांच्या परसात सुपारीच्या शेजारी अगर असतो, त्याला ते साँची म्हणतात. कीड आपोआप लागेना तर खोडाला जखमा करतात. शेजारच्या काकूंनी मला काळा तुकडा दाखवला होता, पाण्यात टाकला तर बुडाला. आपल्याकडे चंदनाला जपतात तसं ते लोक त्या झाडाला जपतात. जंगलातली झाडं इतकी तोडली गेली की १९९५ पासून अगराच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे.

मिरजकर
कृष्णाकाठ भाऊ, मामांचंच ऐका. फवाऱ्याच्या बाटलीत बहुतेक स्पिरिटच, ते उडून जाणार. उरूसाच्या वेळी मीरासाहेब दर्ग्यापाशी या, पाहिजे तेवढी अत्तरं हातावर लावून बघा. तेलातला वास कातडीला धरून बसतो. बाकी ऊद नावाचं वाद्यही आहे, सतारीसारखं तारांचं. त्याचंही नाव त्याच लाकूड शब्दावरून. आमच्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, हे इथे किती जणांना ठाऊक आहे?

गंधवेडा
मिरजकर, सतारीचा अभिमान आम्हालाही आहे, पण सगळ्या फवाऱ्यांना एका मापाने मोजू नका. वीव्ह सां लोरां या फ्रेंच फॅशन कंपनीने २००२ मध्ये एम७ नावाचा परफ्यूम काढला. युरोपातल्या एवढ्या मोठ्या घराने सर्वसाधारण पुरुष गिऱ्हाइकासाठी उघडपणे ऊद पुढे आणणं तेव्हा नवीन होतं. अल्बेर्तो मोरियास आणि जाक कॅव्हॅलिए या दोघांनी तो बांधला. पहिल्यांदा हुंगला तर खोकल्याचं गोड औषध आठवतं, तासाभराने उबदार लाकूड. तेव्हा फार खपला नाही, पण २००७ मध्ये फॅशन डिझायनर टॉम फोर्डचं ऊद वुड हे परफ्यूम आलं आणि मग सगळेच ऊदमागे लागले. म्हणून सरसकट स्पिरिट म्हणू नका. माझ्याकडे एम७ ची जुनी तपकिरी बाटली आहे, लग्नाकार्यालाच काढतो.

मिरजकर
त्यात खरा ऊद किती असतो ते सांगा की.

गंधवेडा
फार थोडा, किंवा नाहीच. दुकानात ठेवायच्या परफ्यूममध्ये बहुतेक वेळा प्रयोगशाळेत जुळवलेला ऊदसारखा वास असतो. पण तुमच्या उरूसातल्या स्वस्त कुपीतही तेच असतं. अस्सल अगराचं तेल त्या भावात कोणी देणारच नाही. फरक सांगायचा तर तेल अंगाशी राहतं आणि फवारा आधी लांब पसरतो.

कृष्णाकाठ
अहो, माझ्या प्रश्नाचं काय? ओ द पर्फ्यूम आहे, १०० मिलीची बाटली. नंबर जुळतोय. दोन फवारे मनगटावर, एक मानेला. परत करू की नको, एवढंच सांगा.

पेठेतला
परत करा. पैसे सोडू नका.

साताऱ्याची सून
थांबा. नऊ ते अकरा कुठे असता? उन्हात, एसीत?

कृष्णाकाठ
कुठे म्हणजे? कामावर. मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामात. सीझन चालू आहे, दिवसभर पोती हलतात. त्याचा काय संबंध?

साताऱ्याची सून
संबंध त्याचाच आहे. यार्डाच्या फाटकातून आत आलं की आम्हा बाहेरच्यांना हळदीशिवाय दुसरा वास येत नाही. तुम्हाला हळदीचा येतो का?

कृष्णाकाठ
नाही. पंधरा वर्षं झाली, आता जाणवतच नाही.

गंधवेडा
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! एकच वास सतत आला की नाक त्याची दखल घेणं सोडतं. मानेवरचा परफ्यूम तर नाकाखालीच, त्याला नाक आणखी लवकर सरावतं. वर हळदीचा धुरळा. शिवाय अशा परफ्यूममध्ये शेवटपर्यंत टिकणारे कस्तुरीच्या जातीचे कृत्रिम घटक असतात, त्यातले काही काही जणांच्या नाकाला जन्मजात कळतच नाहीत. आणि मामांचं अत्तर दुसऱ्या दिवशी येतं म्हणता, ते शर्ट खुंटीवरून काढताना ना?

कृष्णाकाठ
हो, सकाळी अंघोळ झाल्यावर.

गंधवेडा
तेव्हा नाक ताजं असतं, म्हणून येतं. दोन्हींना सारखी संधी द्या. उद्या सुट्टी घ्या. एका बाहीवर हा परफ्यूम, दुसऱ्या बाहीवर अत्तर. स्वतः हुंगू नका. घरातल्या कोणाला तरी बाहेरून आल्यावर दुपारी आणि संध्याकाळी हुंगायला सांगा, कुठल्या बाहीवर काय ते न सांगता.

मिरजकर
आणि मनगटं एकमेकांवर घासू नका. अत्तरवाले पहिल्यांदा तेच शिकवतात.

कृष्णाकाठ (दुसऱ्या दिवशी, रात्री ९:४०)
सुट्टी मिळाली नाही, अर्धा दिवस घेतला. शर्ट सकाळी घरीच टांगून ठेवला, दोन्ही बाह्यांवर सांगितल्याप्रमाणे मारून. आई दीडला भाजी घेऊन आली, तिला दोन्ही बाह्यांना वास आला. सातला देवळातून आल्यावर पुन्हा हुंगायला दिला. डाव्या बाहीला जास्त येतोय म्हणाली. डावी परफ्यूमची. म्हणजे बाटली परत करत नाही. दोन तासांचा हिशेब माझ्या नाकाचा होता.

साताऱ्याची सून
छान झालं. आईंना वास आवडला का?

कृष्णाकाठ
म्हणाली, बाळंतिणीच्या खोलीतल्यासारखा येतोय, नवरदेवाला कशाला मारतोस. भावाला विचारतो. त्याला चालला तर हाच, नाहीतर मामांची कुपी आहेच.