मदत हवी आहे: पर्लच्या टेस्टमध्ये इंटरसेप्ट लावूनही एक 'नॉट ओके' बाहेर निसटतोय

पडवीतली:
नमस्कार मंडळी. देवगडला काकांकडे आलेय. दुपारपासून लाईट नाही, लॅपटॉप मेलाय, मोबाइलवरून लिहितेय. कोड चिकटवता येत नाही, नावं देवनागरीतच टंकते, सांभाळून घ्या.

काकांच्या आंब्याच्या हिशेबाचा पर्ल या भाषेत लिहिलेला एक जुना प्रोग्रॅम आहे. वाशीहून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की तिच्यातल्या पेट्या, भाव, भाडं, हमाली भरायची, हातात किती यायला हवेत ते तो सांगतो. ज्या मुलानं लिहिला तो केव्हाच परदेशी गेला. या सीझनला मी त्या प्रोग्रॅमला टेस्ट, म्हणजे आपोआप होणाऱ्या तपासण्या, लावायला घेतल्या. प्रत्येक टेस्टमध्ये तीच तीच तपासणी लिहायचा कंटाळा आला, म्हणून 'पट्टी_जुळते' नावाचं छोटं फंक्शन केलं. त्याला पट्टी द्यायची, ते आत बेरीज-वजाबाकी करून टेस्ट-मोर या पर्लच्या टेस्ट-लायब्ररीचं 'ओके' बोलावतं. जुळलं तर ते 'ओके' छापतं, नाहीतर 'नॉट ओके'.

आता हे फंक्शन चुकीची पट्टी खरंच पकडतं का, हेही बघायला नको का? म्हणून मुद्दाम एक खोटी पट्टी केली. ४० पेट्या, भाव १८००, झाले ७२,०००. वजावट ६,४००. हातात ६५,६०० यायला हवेत, मी लिहिले ६६,५००. फंक्शनानं बरोबर 'नॉट ओके' दिलं, पण मग माझी अख्खी फाइलच फेल! मला हवंय ते फेल होणं, पण ते मोजलं जायला नको.

शोधाशोध केल्यावर टेस्ट-टूचं (टेस्ट-मोर ज्याच्यावर उभं आहे ती लायब्ररी) 'इंटरसेप्ट' सापडलं. त्याला कोडचा ब्लॉक द्यायचा, आत जे टेस्ट इव्हेंट (निकाल, सूचना वगैरे) घडतील ते बाहेर न जाता यादी म्हणून आपल्या हातात येतात. खोटी पट्टी त्यात टाकली, तरी दोन भानगडी उरल्या. बॅटरी जायच्या आत आउटपुट एका जुन्या पट्टीच्या पाठीवर उतरवून घेतलं, ते असं:

ओके १ - खरी पट्टी जुळते
नॉट ओके - एकूण चुकलं
नॉट ओके २ - एकच इव्हेंट मिळाला
# मिळाले: २
# अपेक्षित: १

शिवाय टेस्ट चालवून निकाल मोजणारं प्रूव्ह म्हणतं, दोन टेस्ट ठरवल्या होत्या, चालल्या तीन. इंटरसेप्ट गळकं आहे का? आणि एका 'ओके'चे दोन इव्हेंट कसे?

खाडीपलीकडचा:
पर्लची आवृत्ती कोणती? टेस्ट-टू पर्लच्या सोबत आलं ते ५.२६ पासून, म्हणजे २०१७. त्याच्या आधीचं असेल तर टेस्ट-सिंपल, म्हणजे ज्या पॅकेजात ते येतं ते, वेगळं अपडेट करावं लागेल.

पडवीतली:
५.३४. इंटरसेप्ट चालतंय, 'असं फंक्शन नाही' वगैरे काही येत नाही.

खाडीपलीकडचा:
मग जुन्या पद्धतीनं कर ना. आउटपुटचा मजकूर पकडायचा नि अपेक्षित मजकुराशी ताडून बघायचा. टेस्ट-बिल्डर-टेस्टर त्यासाठीच आहे. आम्ही कित्येक वर्षं तेच वापरलं.

पडवीतली:
इंटरसेप्टच्या आधी तेच केलं होतं हो. मजकुरात ओळ क्रमांक येतो. वर एक ओळ वाढवली की टेस्ट फुटते, फंक्शन धडधाकट असलं तरी. तीनदा आकडे बदलले, मग नाद सोडला.

जुनाच_हिशेबनीस:
माका वाटता चोर तुझ्या नाकासमोर आसा. उतरवून घेतलेल्या तीन ओळी परत बघ. पहिलीला १ आहे, तिसरीला २ आहे. मधलीला नंबर कुठाय?

टेस्ट-मोर 'ओके' छापताना नंबर टाकल्याशिवाय राहत नाही. बिननंबरी ओळ त्याची नव्हेच. ती कुणीतरी साध्या 'प्रिंट'नं स्टँडर्ड आउटपुटवर फेकलीय. तुझं फंक्शन बेरजेसाठी त्या मुलाची जुनी फाइल वापरतं का? तिच्यात 'एकूण चुकलं' शोध. 'ओके / नॉट ओके' हा छाप १९८७ च्या पहिल्या पर्लपासून आहे, त्यामुळे लायब्ररी न घेता हातानं 'नॉट ओके' छापणारे लोक खूप. तो प्रोग्रॅम लिहिणारा पोरगा त्यातलाच.

इंटरसेप्ट काय करतं ते नीट समजून घे. टेस्ट-टूमध्ये प्रत्येक इव्हेंट 'हब'कडे जातो, हब तो मोजतो आणि छापणाऱ्याकडे देतो. इंटरसेप्ट त्या ब्लॉकपुरतं वरती दुसरं हब ठेवतं, ते छापत काही नाही, नुसतं साठवतं. ब्लॉक संपला की ते उचललं जातं, खालचं मूळ हब जसं होतं तसं. म्हणजे ते इव्हेंट पकडतं, अक्षरं पकडत नाही. 'प्रिंट' हबकडे जातच नाही, तो सरळ गडग्यावरून उडी मारतो. आणि टॅप (या 'ओके / नॉट ओके' ओळींचा ठरलेला साचा) वाचणाऱ्या प्रूव्हला बिननंबरी 'नॉट ओके'ही चालतं, ते तो एक टेस्ट म्हणून मोजतो. तुझ्या दोनाच्या तीन झाल्या त्या तिथे.

जाता जाता: ६६,५०० वजा ६५,६०० म्हणजे ९००. फरकाला ९ नं पूर्ण भाग गेला की आधी शेजारचे आकडे उलटे पडलेत का बघायचं. आमच्या वेळच्या वहीखात्यातली युक्ती. खोटी पट्टी चांगली निवडलीस.

खाडीपलीकडचा:
हे पटलं. दोन इव्हेंटचं कारण मी सांगतो, तेवढं तरी माझ्या नावावर राहू दे. टेस्ट-मोरचं 'ओके' फेल झालं की एक ओके-इव्हेंट येतो आणि मागोमाग 'अमुक टेस्ट फेल, अमुक ओळीवर' सांगणारा डायग-इव्हेंट. पास झाला तर एकच. त्यामुळे यादीची लांबी मोजू नको. यादीतून ओके-इव्हेंट तेवढे निवड आणि तो नापास आहे ना, नाव बरोबर आहे ना, ते बघ.

जुनाच_हिशेबनीस:
बरोबर. आणि त्या इव्हेंटचा 'ट्रेस'ही बघ. त्यात फाइल आणि ओळ असते. तुझ्या फंक्शनच्या आतली ओळ दिसली तर उद्या पन्नास पट्ट्यांत कुठली चुकली ते कळायचं नाही. फंक्शन सुरू होताच 'कॉन्टेक्स्ट' (फंक्शन कुठून बोलावलं त्याची नोंद) घे, बाहेर पडताना 'रिलीज' कर. मधेच 'रिटर्न' असेल तर तिथेही. विसरलीस तर ते कुरकुर करतंच.

अजून एक. ब्लॉकच्या आत कोड 'डाय' झाला, म्हणजे चुकीमुळे मधेच बंद पडला, तर इंटरसेप्ट ते गिळत नाही, बाहेर तसंच येतं. पण आत 'स्किप ऑल' (सगळ्या टेस्ट वगळा) झालं तर फक्त ब्लॉक थांबतो, फाइल पुढे चालू राहते.

पडवीतली:
लाईट आली रात्री साडेनऊला. पाय धरते हिशेबनीस काका, चोर सापडला! जुन्या फाइलीत बेरजेच्या शेवटी, जुळलं नाही तर 'नॉट ओके - एकूण चुकलं' प्रिंट. काढून टाकला, त्याऐवजी तोच मजकूर परत पाठवून फेल झाल्यावर 'डायग'मध्ये देते.

ट्रेसचं सांगितलंत ते बरं झालं. खरंच ओळ फंक्शनच्या आतली येत होती. कॉन्टेक्स्ट घेतल्यावर खोट्या पट्टीची ओळ येते, आणि आता तीही टेस्टमध्ये तपासते. क्रमांक हातानं लिहिलेला नाही, बोलावतानाच चालू ओळ एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवते, म्हणजे वर ओळी वाढल्या तरी फुटणार नाही.

एक घोळ स्वतःच केला आणि स्वतःच निस्तरला. दुसऱ्या फाइलीत सगळ्याच टेस्ट इंटरसेप्टच्या आत टाकल्या, तर शेवटी 'एकही टेस्ट चालली नाही' म्हणून फाइल फेल. आत पकडलेलं मोजलंच जात नाही, मग बाहेर काहीतरी तपासायला नको?

खाडीपलीकडचा:
जुन्या फाइलीत बाकी प्रिंट शोधलेस का?

पडवीतली:
शोधले. अजून सहा ठिकाणी 'नॉट ओके' होते, सगळे काढले. सातव्या ठिकाणी, भाव शून्य आला तर, नुसतं 'बोंबला' छापलंय. प्रूव्ह अनोळखी ओळ सोडून देतं, म्हणून ते राहू दिलं. माझ्या काकांना दाखवलं, ते म्हणाले त्या वर्षी भाव तसाच होता.